अपघातानंतरचे महिने: जखमी माणसाने आणि घरच्यांनी पायरीपायरीने काय करावं

रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेली माणसं पुढे कित्येक महिने एक वाक्य पुन्हापुन्हा बोलतात: "हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही." टाके कधी निघणार, पुढची तारीख कोणती, गोळ्या किती, हे सांगितलेलं असतं. पण पाय खाली सोडला की तो जांभळट दिसतो, प्लास्टर निघाल्यावर पोटरी निम्मी झालेली असते, तिसऱ्या महिन्यात काही कारण नसताना रडू येतं, गाडीत शेजारी बसलं तरी पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो, या गोष्टी ज्याच्या त्याला एकट्यालाच कळतात. मग माणूस घाबरतो, आणि घाबरला की हालचाल थांबवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्ते अपघातांत मरण पावतात, आणि २ ते ५ कोटी जखमी होतात. बातमी पहिल्या आकड्याची होते. हा लेख दुसऱ्या आकड्यातल्या माणसांसाठी आहे. मी अस्थिरुग्णांची फिजिओथेरपी करते. माझ्याकडे माणसं येतात ती ऑपरेशन होऊन गेल्यावर, म्हणजे सगळ्यांना "आता सुटलो" असं वाटत असताना. खरं तर लांबचा पल्ला तिथून सुरू होतो.

पहिले दोन-तीन दिवस: एक वही आणि एक माणूस

या दिवसांत रुग्णाला फारसं काही आठवत नाही, समजत नाही. म्हणून ही पायरी घरच्यांची.

तातडीच्या विभागात तपासणी एका ठरलेल्या क्रमाने होते: श्वासमार्ग मोकळा आहे ना, श्वास चालू आहे ना, रक्तस्राव कुठे होतोय. त्यामुळे वाकडा झालेला हात तसाच ठेवून डॉक्टर छाती आणि पोट बघत राहतात. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना वाटतं, आमच्या माणसाकडे कुणी बघतच नाहीये. तसं नसतं. हात उद्या नीट करता येतो, पोटातला रक्तस्राव उद्यावर टाकता येत नाही.

घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलायचं आणि बाकीच्यांना त्याने सांगायचं, असं पहिल्याच दिवशी ठरवा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच वेगवेगळी उत्तरं घरी पोचतात आणि भांडणं लागतात. त्या माणसाजवळ एक वही असू द्या. तारीख, कोण डॉक्टर बोलले, काय म्हणाले, कोणती तपासणी झाली, कोणतं औषध सुरू केलं आणि कोणतं बंद केलं. ही वही पुढे वर्षभर उपयोगी पडते.

डोक्याला मार असेल तर "जीसीएस" हा शब्द कानावर पडेल. डोळे उघडणं, बोलणं आणि हातापायांची हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ असा आकडा काढतात. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. एका दिवसाच्या आकड्यावरून भविष्य काढत बसू नका. कालपेक्षा आज आकडा वर गेला की खाली आला, हे विचारा.

अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मोठ्या अपघातात पहिल्या धांदलीत लहान दुखापती सुटून जातात. हाताच्या-पावलाच्या बारीक हाडांना गेलेले तडे, मनगट, गुडघ्याचे स्नायुबंध. मांडीचं हाड मोडलेलं असताना करंगळीकडे कोण बघणार? म्हणून अनेक ठिकाणी साधारण चोवीस तासांत रुग्णाला पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. तुमच्याकडे असं झालं का, हे विचारायला काहीच हरकत नाही. आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावर किंवा पहिल्यांदा उठून उभा राहिल्यावर "इथेही दुखतंय" म्हणाला, तर ते अपघाताचंच अंग ठणकणं आहे असं समजून सोडून देऊ नका. नवीन जागा सांगितली की ती तपासायला लावा.

अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर

तिथे काही दिवस काढलेल्या माणसाला भलतेसलते भास होऊ शकतात. नर्स आपल्याला मारायला आली होती, भिंतीवरून पाणी वाहत होतं, आपण जहाजावर होतो. वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात. आजार, औषधं आणि झोपमोड यांतून ते होतं, त्याचा अर्थ माणूस वेडा झाला असा नाही. अडचण अशी की पुढे त्याला खऱ्या आठवणी कमी आणि भास जास्त आठवतात, आणि हे बोलायची लाज वाटते. उत्तर युरोपातल्या रुग्णालयांनी यावर साधा उपाय काढला: रुग्ण बेशुद्ध असताना त्याच्यासाठी रोजनिशी लिहायची. आज नळी काढली, आज बहीण येऊन हात धरून बसली, आज तू डोळे उघडलेस. नंतर तो हे वाचतो तेव्हा गाळलेले दिवस भरून निघतात. रुग्णालयात अशी पद्धत नसली तरी तुमच्या त्या वहीत मागच्या पानापासून हे लिहायला सुरुवात करा.

दुखणं नेमकं सांगायला शिका

"खूप दुखतंय" याने डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. शून्य ते दहात किती, कुठे, कधी वाढतं, आणि दुखण्यामुळे काय करता येत नाही, हे सांगा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "फासळ्यांमुळे मला खोल श्वास घेता येत नाही, खोकताही येत नाही" असं म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात, कारण खोल श्वास आणि खोकला थांबला की फुप्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. फासळ्या मोडलेल्या माणसाने गप्प राहून दुखणं सोसणं धोक्याचं आहे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी, त्याने बराच आधार मिळतो.

गोळी दुखणं टोकाला गेल्यावर घेण्यापेक्षा पहिले काही दिवस वेळेवर घेतलेली बरी. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर व्यायामही नीट होतो. अफूवर्गातल्या जोरदार वेदनाशामकांनी शौचाला घट्ट होतं, हे मात्र पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. पोट साफ राहण्याचं औषध बरोबरीने मागून घ्या. चार-पाच दिवस तुंबलेल्या पोटाने माणूस मोडलेल्या पायापेक्षा जास्त हैराण झालेला मी पाहिला आहे. ही औषधं कधी आणि कशी कमी करायची तेही लिहून घ्या.

एक दुखणं मात्र वेगळं असतं. प्लास्टर घातलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या पायात औषध देऊनही वाढतच जाणारी, सहन न होणारी कळ, बोटं दुसऱ्याने हळूच हलवली तरी किंकाळी फुटेल अशी वेदना, पोटरी टणक, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा कोंडल्याची ही लक्षणं असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, तासांचा प्रश्न असतो. रात्री दोन वाजताही नर्सला उठवा, घरी असाल तर रुग्णालय गाठा.

घरी सोडण्याआधी

अनुभव सांगताना रुग्णांची सगळ्यात मोठी तक्रार या टप्प्याची असते. वॉर्डात दर काही तासांनी कुणीतरी येऊन विचारत होतं, आणि अचानक एका दुपारी हातात डिस्चार्ज कार्ड देऊन सगळं थांबतं. कार्डावरची अक्षरं लागत नाहीत, फोन कुणाला करायचा ते माहीत नसतं. म्हणून सोडण्याच्या आदल्या दिवशी, घाई नसताना, हे प्रश्न वहीत लिहून विचारा:

- नेमकं काय मोडलं होतं आणि काय बसवलं? एक्स-रे दाखवून सांगाल का?
- पायावर किती भार द्यायचा, आणि कोणत्या तारखेपर्यंत?
- कोणता सांधा हलवायचा आणि कोणता अजिबात नाही?
- जखम कधीपर्यंत भिजवायची नाही, ड्रेसिंग कोण करणार?
- रक्त पातळ करणारं औषध आहे का? किती दिवस?
- काय झालं तर लगेच यायचं, आणि रात्री कुणाला फोन करायचा?

दुसऱ्या प्रश्नावर अडून बसा. "जपून चाला" हे उत्तर नव्हे. भाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: पाय अजिबात टेकवायचा नाही, तोल सांभाळण्यापुरता जमिनीला नुसता लावायचा, थोडा भार द्यायचा, सहन होईल तेवढा द्यायचा, पूर्ण द्यायचा. "थोडा" म्हणजे किती हे वजनकाट्यावर पाऊल ठेवून शिकता येतं. काट्यावर दहा-पंधरा किलो दिसेपर्यंत दाबा, ती जाणीव पायात बसू द्या, मग तेवढंच दाबत चाला. पहिल्यांदा बहुतेक जण एक तर पाय लावायलाच घाबरतात, नाहीतर एकदम चाळीस किलो देतात.

इथे एक गैरसमज निस्तरायला हवा. "रॉड टाकला, म्हणजे हाड जुळलं" असं लोक धरून चालतात. रॉड किंवा प्लेट हाडाला जागेवर धरून ठेवते, जुळायचं काम हाडालाच करावं लागतं. १९४० च्या आसपास जर्मन शल्यविशारद गेरहार्ड कुंटशर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवण्याची पद्धत पुढे आणली. त्याआधी मांडी मोडलेला माणूस पायाला वजनं लटकवून कित्येक आठवडे खाटेला खिळलेला असे. दांडा आला तो तुम्हाला लवकर उठवण्यासाठी. तो असूनही खाटेवर पडून राहिलं तर ऑपरेशनचा अर्धा फायदा वाया गेला.

कुबड्या घरी नेऊन शिकायच्या नसतात. वॉर्डात शिका. वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवं, मूठ मनगटाच्या उंचीला, म्हणजे कोपर जरासं वाकलेलं राहील. वजन तळहातांवर घ्यायचं. काखेवर लटकून चालणाऱ्यांच्या नसा दाबल्या जातात आणि हात लुळा पडू शकतो. जिन्यासाठी क्रम पाठ करा: चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा पाय आणि कुबड्या, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. उतरताना घरचं माणूस एक पायरी खाली, तुमच्याकडे तोंड करून उभं राहू दे. वर उभं राहून मागून कॉलर धरणाऱ्यांचा काही उपयोग नसतो, तोल गेला तर दोघंही घसरतात.

घराची तयारी माणूस पोचायच्या आधी करा. सरकणारी पायपुसणी उचला, वायरी बाजूला करा, खाटेपासून संडासापर्यंतचा रस्ता मोकळा करा, रात्री तिथे दिवा राहू दे. अंघोळीला बसायला घसरणार नाही अशी भक्कम खुर्ची.

पहिले सहा आठवडे

या काळात घडतं ते बहुतेक कंटाळवाणं आणि अपमानास्पद वाटणारं असतं. दुसऱ्याच्या हातून अंघोळ, बेडपॅन, पाण्याच्या ग्लासासाठी हाक. कमावतं माणूस असेल तर पैशांची चिंता सतत डोक्यात. लोक भेटायला येतात आणि प्रत्येक जण "कसं झालं?" विचारतो, म्हणजे अपघात दिवसातून पाच वेळा पुन्हा सांगावा लागतो. भेटायच्या वेळा ठरवा, आणि "कसं झालं" याचं उत्तर घरच्यांनीच दारात देऊन टाकावं. रुग्णाला ज्या कामांत मदत लागत नाही ती कामं त्याची त्यालाच करू द्या, वेळ लागला तरी. दाढी, जेवण, आपल्या गोळ्या मोजणं. मायेपोटी सगळंच हातात देणारी माणसं नकळत त्याला आणखी परावलंबी करतात.

पाय उशांवर, हृदयापेक्षा वर राहील असा ठेवा. खाली सोडला की तो निळा-जांभळा पडतो आणि फुगतो, वर घेतला की उतरतो. हे पहिले काही महिने चालायचंच. पण एकाच पोटरीत नव्याने आलेली सूज आणि दुखणं, जी पाय वर ठेवूनही उतरत नाही, ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, छातीत टोचलं, तर थेट तातडीच्या विभागात. जखमेतून पू, वाढती लाली, ताप यांच्याबाबतीतही पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

प्लास्टरच्या आत खाजतं म्हणून पट्टी किंवा सुई घालू नका, आत झालेली जखम दिसत नाही आणि चिघळते. ज्यांना कूसही बदलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवायला हवं, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायला हवं. लाल झालेली जागा दाबल्यावर पांढरी होत नसेल तर तिथे दाबाने जखम होऊ घातली आहे. बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावलेला असेल तर सळई कातडीत शिरते त्या जागा कशा स्वच्छ करायच्या ते वॉर्डात प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा, आणि एकदा त्यांच्यासमोर तुम्ही करा.

आणि सिगारेट, तंबाखू बंद. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, जखमही उशिरा भरते. हे उपदेश म्हणून सांगत नाही, ज्यांचं हाड महिनोन्महिने जुळत नाही अशांमध्ये हे कारण वारंवार सापडतं. प्रथिनं पुरेशी पोटात जायला हवीत, कारण शरीर या काळात बांधकामच करत असतं.

प्लास्टर निघतं त्या दिवशी

हात असेल तर साधारण सहा-आठ आठवडे, नडगीचं हाड असेल तर तीन-चार महिने किंवा जास्त, असा हाड पक्कं होण्याचा ढोबळ हिशेब. प्लास्टर कापलं की माणूस आतल्या पायाकडे बघून गप्प होतो. कातडी कोरडी, खपल्या सुटणारी, पोटरी बारीक, गुडघा ताठ. "हा माझा पाय नाहीच," असं एक बाई म्हणाल्या होत्या. पाय तुमचाच आहे. वापर थांबला की स्नायू झपाट्याने आटतात, आणि परत भरायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतात.

ताठ गुडघ्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथे काय करायचं ते नीट दाखवता येतं. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडीचा स्नायू आवळून ती गुंडाळी खाली दाबा. पाच मोजा, सोडा. पहिल्या दिवशी मांडी अजिबात ऐकत नाही. तुम्ही मनात दाबताय, आणि स्नायू ढिम्म. तेव्हा मांडीवर तळहात ठेवा, किंवा दोन्ही पायांनी एकदम करा. दोन-तीन दिवसांत हाताखाली एक छोटीशी थरथर लागते. ती थरथर लागली की समजा गाडी रुळावर आली. त्यानंतर टाच गादीवरून हळूहळू मागे ओढायची, जिथे अडते तिथे श्वास सोडत थांबायचं, अजून जरा पुढे, मग परत. खाली गुळगुळीत कापड किंवा प्लास्टिकची पिशवी घातली तर टाच सहज सरकते.

सपाट चालायला गुडघा सुमारे ६० ते ७० अंश वाकावा लागतो, जिना उतरायला आणि खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास, उकिडवं बसायला त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून आकडा मोजून घ्या आणि वहीत लिहा. रोज आरशात बघून फरक कळत नाही, पंधरा दिवसांपूर्वीचा आकडा दिसला की कळतो.

किती दुखेपर्यंत करायचं? माझा नियम असा: व्यायामाच्या वेळी ओढ बसेल, थोडं दुखेल, ते चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर आदल्या दिवशी अति झालं. बंद करू नका, निम्म्यावर आणा. आठवड्यातून एकदा तासभर रडत करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं जास्त गुण देतात. झोपवून जोराने पाय वाकवून देणाऱ्या कुणाच्याही हाती तो देऊ नका.

हातापायाला सतत जळजळ, कातडीचा रंग आणि तापमान बदलणं, नुसती चादर लागली तरी कळ, घाम वेगळा येणं, असं होत असेल तर "नाजूक झालाय" म्हणून त्याला आणखी गुंडाळून ठेवू नका. हा नसांच्या दुखण्याचा वेगळा विकार असू शकतो, त्याचा इलाज जितका लवकर सुरू होईल तितका चांगला.

मानेचा झटका आणि डोक्याचा मार

या दोन दुखापती एक्स-रेवर दिसत नाहीत, म्हणून या रुग्णांवर "नाटक करतोय" असा शिक्का लवकर बसतो. मागून धडक बसून मान हिसकली असेल आणि तपासणीत हाड, नसा ठीक असतील तर आठवडेच्या आठवडे पट्टा घालून बसू नका. कॅनडातल्या क्वेबेकच्या तज्ज्ञ गटाने १९९५ मध्येच सांगितलं होतं की अशा दुखण्यात नेहमीच्या हालचाली लवकर सुरू करणं हाच मुख्य इलाज.

डोक्याला हलका मार लागून मेंदू हादरला असेल तर पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि टीव्ही कमी, मग हळूहळू कामं वाढवायची. डोकेदुखी, उजेड-आवाज नकोसा होणं, शब्द न आठवणं, चिडचिड ही लक्षणं काही आठवडे राहू शकतात. घरच्यांनी "स्वभाव बदलला" म्हणून भांडण्याआधी हे ध्यानात घ्यावं. पण डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हापुन्हा उलटी, झटका, उठवूनही जाग न येणारी गुंगी, एका बाजूची शक्ती जाणं, हे दिसलं तर लगेच रुग्णालय.

मनाचं काय करायचं

हाड जुळलं की घरचे निर्धास्त होतात, आणि बहुतेक वेळा मनाचं दुखणं तेव्हाच वर येतं. आधी सगळी ताकद उठण्या-बसण्यात जात होती, आता विचार करायला जागा झाली.

पहिले काही आठवडे अपघात डोळ्यांसमोर येणं, दचकून जाग येणं, हॉर्नच्या आवाजाने छाती धडधडणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होतं. महिना उलटून गेल्यावरही तसंच असेल, माणूस तो रस्ता टाळत असेल, गाडीत बसायला नकार देत असेल, सारखा सावध आणि तुटक वागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायची वेळ आली. आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्रासदायक आठवणींवर काम करण्याची पद्धत) या दोहोंचा चांगला गुण येतो. रस्त्याच्या भीतीवर टप्प्याटप्प्याने जायचं असतं: आधी उभ्या गाडीत बसणं, मग शांत वेळी थोडं अंतर, मग गर्दी. शेजारच्या सीटवर बसून पाय ब्रेक शोधत असेल तर चालवणाऱ्याने हसू नये, वेग कमी करावा.

"सगळं एकदा बोलून टाक, मोकळा हो" म्हणून पहिल्याच आठवड्यात बळेबळे बोलायला लावू नका. एका बैठकीत अपघात उकरून काढल्याने पुढचा त्रास टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींना उलट त्रासच झाला. त्याला बोलायचं असेल तेव्हा ऐका, आणि "विसरून जा आता", "देवाने वाचवलं ना" ही वाक्यं टाळा. अपघातात सोबतचं कुणी गेलं असेल तर वाचलेल्याच्या मनात अपराधाची बोच असते. ती तो सहसा सांगत नाही. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलून गेला तर ते गंभीरपणे घ्या, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. लहान मुलं सांगत नाहीत, दाखवतात: पुन्हा अंथरूण ओलं करणं, खेळण्यातल्या गाड्यांची धडक लावत बसणं, आईला न सोडणं.

कागदपत्रं

विमा आणि भरपाईचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. प्रत्येक अहवाल, एक्स-रे, बिल, कामावरून घेतलेल्या रजेचा कागद तारीखवार एका फायलीत लावा. आणि दुखापत स्थिर झाल्याशिवाय शेवटच्या तडजोडीवर सही करण्याची घाई करू नका. सहाव्या आठवड्यात गुडघ्याचं पुढे काय होणार हे कुणीच सांगू शकत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं की भरपाईच्या प्रक्रियेचा ज्यांना जास्त ताण झाला, त्यांची प्रकृती सहा वर्षांनंतरही तुलनेने वाईट होती. म्हणून जमलं तर हे काम रुग्णाऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावं.

कामावर आणि गाडीवर परत

एकदम पूर्ण वेळ कामावर जाऊ नका. अर्धा दिवस, बसून करायचं काम, मधे पाय वर ठेवायला जागा, असं आधी बोलून घ्या. संध्याकाळी येणारा थकवा अनपेक्षित असतो, त्याला आळस समजू नका.

गाडी चालवणं हा वेगळा निर्णय आहे. "मला चालता येतं" म्हणजे अचानक ब्रेक मारता येतो असं नाही. उजवा पाय मोडला असेल तर पायावर भार द्यायला लागल्यानंतरही ब्रेक दाबण्याचा वेग मूळपदावर यायला साधारण सहा आठवडे लागतात, असं मोजमापांत आढळलं आहे. गुंगी आणणारी वेदनाशामकं चालू असताना, किंवा मान पूर्ण वळत नसताना चालवू नका.

तपासणीच्या खोलीत, आणि वर्षानंतर

पुढच्या तपासण्यांत डॉक्टर एक्स-रे बघतात, पाच-सात मिनिटांत भेट संपते. त्या भेटीला जाताना तीन गोष्टी लिहून न्या: अजून काय करता येत नाही, काय नव्याने होतंय, आणि पुढच्या भेटीपर्यंत मला काय जमायला हवंय. "हाड छान जुळलंय" हे ऐकून निघून येऊ नका. जिना उतरता येत नसेल तर ते तिथे बोला. सहा-नऊ महिने होऊनही चालताना त्याच जागी खोल दुखत असेल तर हाड जुळलंय की नाही हा प्रश्न थेट विचारा.

वर्षानंतर बरेच जण आत बसवलेलं धातू काढावं का विचारतात. त्रास देत नसेल तर अनेकदा ते तसंच राहू देतात. काढलं तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड त्या जागी कमजोर असतं, त्यामुळे पळणं, उड्या, जड ओझं किती दिवस टाळायचं हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.